दादामियाँनी काढलेला तरवडाचा अर्क

जी वस्तू डोळ्याला दिसतच नाही ती धुवायची कशी, हा प्रश्न दादामियाँना दोन वर्षं छळत होता. विचारणार कुणाला? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काचसामान धुणाऱ्या माणसानं असलं काही विचारलं, तर लोक म्हणणार, म्हातारा सटकला. म्हणून ते न विचारता प्रत्येक चंबू तीनदा धुवायचे आणि वर एकदा शंका आली म्हणून चौथ्यांदा.

परंड्यातल्या एका कॉलेजात ते परिचर होते. कागदावर प्रयोगशाळा परिचर, तोंडी शिपाई, आणि प्राचार्यांच्या तोंडी नुसतंच 'अहो, ते कुठं गेले?' एकतीस वर्षांत त्यांच्या हातून चार बीकर फुटले होते आणि ते चारही कोणत्या साली, कुणाच्या धक्क्यानं फुटले हे ते आजही सांगू शकत होते. प्राध्यापक आले, बदलले, निवृत्त झाले. दादामियाँ तिथंच राहिले आणि त्यांना रसायनशास्त्र आलं नाही ते नाहीच आलं. मात्र कुठल्या बाटलीचं बूच किती पिळायचं, हे त्या सगळ्या डॉक्टर लोकांना जमलं नाही तेवढं त्यांना जमत होतं. आपल्याकडे अशा माणसांची किंमत ते रजेवर गेल्यावरच कळते.

शिवांजली मॅडम तासिका तत्त्वावर शिकवायला आल्या, तेव्हापासून दादामियाँच्या डोक्याला नवा ताप सुरू झाला. मॅडम जवळच्याच खेड्यातल्या, तिशीच्या आतल्या. सकाळी आठ ते अकरा तास घ्यायच्या आणि पुढं दिवसभर पीएच.डी.चं काम करायच्या. त्यांचे मार्गदर्शक मल्लिनाथ सर सोलापूरला असत आणि बहुतेक वेळा फोनमध्येच असत.

"नेमकं करताय काय तुमी, मॅडम?" दादामियाँनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनोकण करतेय, काका. लोक कडक रसायनं वापरून करतात, मी झाडाच्या पाल्यानं करणार. याला हरित पद्धत म्हणतात."

"लई बारीक असत्यात का?"

"केस घ्या आपला एक. त्याच्या जाडीत असले दोन-तीन हजार कण शेजारीशेजारी बसतील."

दादामियाँनी दाढीतला एक पांढरा केस उपटून खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला. दोन-तीन हजार काय, त्यांना तिथं एकही बसेलसं दिसेना. ते "व्हय, व्हय" म्हणाले आणि केस खिशात ठेवला. तो का ठेवला, तेही त्यांना कळलं नाही.

पण काम मात्र त्यांना हळूहळू आवडू लागलं. त्यात पाला होता. किल्ल्याच्या खंदकाच्या कडेला तरवड माजलेला होता, पिवळ्या फुलांचा. तो आणायचा, धुवायचा, पाण्यात तापवून त्याचा अर्क काढायचा. मग मॅडम जस्ताचं मीठ विरघळवलेल्या पाण्यात तो अर्क सोडणार, आटवून त्याची लगदी करणार, लगदी भट्टीत भाजणार आणि शेवटी चिमूटभर भुकटी हाती लागणार. ती भुकटी जंतू वाढवलेल्या काचेच्या बशीत टाकली की भोवतीचे जंतू मरायचे आणि तिथं गोल, स्वच्छ वर्तुळ पडायचं. वर्तुळ जितकं मोठं तितकी भुकटी गुणाची. हे शेवटचं मात्र दादामियाँना चटकन समजलं. जिथं झाडू फिरतो तिथली जमीन स्वच्छ दिसते, यात कळायला काय अवघड आहे?

अर्क काढायचं काम मॅडमनी त्यांच्यावर सोपवलं होतं. दहा ग्रॅम पाला, शंभर मिली शुद्ध पाणी, साठ अंश, वीस मिनिटं. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलेलं होतं. अडचण एवढीच की त्या दिवसांत परंड्याची लाइट सकाळी आठला जायची ती दुपारी बाराला यायची.

"लाइट आली की काढून ठेवा, काका," असं सांगून मॅडम तासाला निघून जायच्या.

इथं दादामियाँच्या आतला अत्तार जागा व्हायचा. त्यांचे वडील बाजारगल्लीत अत्तारीचं दुकान चालवायचे. हकिमाची चिठ्ठी घेऊन माणूस आला की जडीबुटी कुटून, जोशांदा म्हणजे काढा उकळून, गाळून द्यायचे. सकाळी तोडलेल्या पाल्यानं दुपार बघू नये, हा त्यांचा दंडक. जोशांदा कल्हईच्या, म्हणजे आतून कथलाचा लेप दिलेल्या देगचीतच करायचा. झाकण बोटभर सरकवून ठेवायचं, लोखंडाचा चमचा आत घालायचा नाही, आणि आच किती ते बोट बुडवून बघायचं. तीन मोजेपर्यंत बोट टिकलं तर आच बरोबर. दुकान कधीच बंद झालं होतं, पण ती तांब्याची देगची दादामियाँच्या घरी होती. मग लाइटची वाट बघत पाला सुकवत बसायचं कशाला? ते पाला आणि कॅनमधलं शुद्ध पाणी घेऊन सायकलवर घरी जायचे, वडिलांच्या पद्धतीनं गॅसवर अर्क काढायचे, आधी मलमलीतून आणि मग मॅडमच्या गाळणकागदातून गाळायचे आणि अकराच्या आत चंबू टेबलावर ठेवायचे. बोट तीन मोजेपर्यंत टिकतं तेव्हा नेमके किती अंश असतात, हे त्यांनी एकदा थर्मामीटर घालून बघितलंही. एकोणसाठ! त्या दिवशी ते वडिलांच्या आठवणीनं एकटेच हसले.

मॅडमना त्यांनी हे सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्यांनी विचारलं नाही आणि दादामियाँना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

"काका, तुमच्या हाताला गुण आहे हो," लालसर, नितळ अर्क उजेडात धरून मॅडम म्हणाल्या. एकतीस वर्षांत त्या प्रयोगशाळेत दादामियाँच्या हाताबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. ते दिवसभर हवेत होते.

पहिल्या तीन भुकट्यांची वर्तुळं बावीस मिलिमीटरची आली. मॅडमनी बशी त्यांच्यापुढं धरली आणि पट्टी लावून दाखवली. दादामियाँनी ते वर्तुळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. सोलापूरहून मल्लिनाथ सरांचा फोन आला, की इतकं मोठं वर्तुळ त्यांच्या हाताखालच्या कुणाचंच आलेलं नाही. आता हेच परत परत आणून दाखवा, की प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण पुरं.

आणि तेच परत येईना.

बारा मिलिमीटर. मग अकरा. मग परत बारा. आधीच्या भुकटीला किंचित हिरवट झाक होती, आता ती खडूसारखी पांढरी निघू लागली. मॅडमनी पाणी बदललं, मिठाची नवी बाटली फोडली, भट्टी तपासून घेतली, जंतूंची बशीसुद्धा बदलून बघितली. सकाळचा पाला, संध्याकाळचा पाला, कोवळा, जून. काहीच फरक पडेना. दादामियाँ तर पार गोंधळले. ते आच आणखी मंद ठेवू लागले, देगची आणखी घासू लागले. कुणाची नजर लागली म्हणावं, तर जी वस्तू कुणाला दिसतच नाही तिला नजर लागणार कशी? मॅडमच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. डबा तसाच परत जायचा. ते बघून दादामियाँना आतून तुटायचं, कारण अर्क त्यांच्या हातचा होता आणि गुणही त्याच हातातून गेला होता.

जानेवारीत तपासणीला पाठवलेल्या भुकट्यांचा अहवाल आला. मॅडम तो वाचता वाचता उभ्या राहिल्या.

"काका, आधीच्या भुकटीत तांबं सापडलंय! नंतरच्यात अजिबात नाही. तांबं आलं कुठून?"

"आपल्याकडं तांब्याचं म्हनाल तर मोरचूदाची बाटली हाय, पर ती तर वरच्या फळीला. म्या हातबी लावला न्हाय."

दोघंही चक्रावले. मग मॅडमनाच आठवलं. आधीचा पाला खंदकाच्या कडेचा होता. मध्यंतरी सफाईत तो तरवड तोडला गेला आणि तेव्हापासून पाला करमाळा रोडचा येत होता. खंदक म्हणजे किल्ला, किल्ला म्हणजे तोफा, तोफा म्हणजे तांब्याचं ओतीव काम. शेकडो वर्षांत ते तांबं मातीत उतरलं असेल, मातीतून तरवडात, तरवडातून अर्कात! फोनवर मल्लिनाथ सर खूश झाले. म्हणाले, लिहून टाक, माती पुढं सवडीनं तपासू. प्राचार्य त्यांच्याहून खूश. अठ्ठावीस फेब्रुवारीला विज्ञान दिन, त्या दिवशी मॅडमचं व्याख्यान ठरलं. फलकही छापून आला, 'तोफांच्या मातीतला जंतुनाशक तरवड'. मार्चच्या पहिल्या आठवड्यात प्रबंध जाणार होता. पीएच.डी. झाली की कायम जागेसाठी मॅडमचं नाव पुढं जाईल, असंही बोललं जात होतं. गावाला तोफांचा अभिमान आहेच, त्यात जंतू मारणारा पाला मिळाला. पाला नव्यानं फुटेपर्यंत तपासून बघायची सोय नव्हती, आणि सोय नसली की माणसांचा विश्वास फार लवकर बसतो.

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी दुपारी दादामियाँ जेवायला घरी आले. भाकरी मोडता मोडता त्यांनी बायकोला, अजीजाबींना, तोफांच्या तांब्याची सगळी हकीकत रंगवून सांगितली.

अजीजाबी वाढता वाढता थांबल्या. "मिट्टी में से कायको आता तांबा? अपनी देगचीच तो अंदर नीचे से लाल दिखती थी ना. तुम कल्हई कराके लाए उसके पहिले. तब दो साल मैं उस में खट्टी दाल नै पकाई, मालूम नै क्या तुमको?"

दादामियाँचा घास हातातच राहिला.

तीन भुकट्या झाल्यावर, एवढं मोठं काम आणि देगची अशी जुनाट दिसते हे बरं नाही, म्हणून ते स्वतः कुर्डुवाडीच्या एसटीनं गेले होते. तिथं एक म्हातारा कल्हईवाला अजून बसतो. त्याच्याकडून त्यांनी देगची चांदीसारखी लख्ख करून आणली होती. मॅडमचं काम आणखी चांगलं व्हावं म्हणून! कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, आमटी ठेवली की हिरवी पडते, हे परंड्यातल्या कुठल्याही बाईला कुणी शिकवावं लागत नाही. तरवड तर कातडं कमवणारा तुरट पाला. तो किती तांबं ओढत असेल? वडील दर सहा महिन्यांनी कल्हई करत. मुलानं देगची जपली, पद्धत जपली आणि नेमकी तेवढीच गोष्ट विसरला. 'कल्हईची देगची' म्हणता म्हणता तिच्यात कल्हई उरलीय की नाही, हे त्यांनी तोवर कधी आत वाकून बघितलं नव्हतं.

"अब क्या करते?" अजीजाबींनी विचारलं.

काय करणार, हे त्यांना कळत असतं तर आणखी काय हवं होतं? गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? फलक छापलेला, सर खूश, पोरीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलेलं. सांगितलं तर प्रकरण गेलं, व्याख्यान गेलं आणि कदाचित नोकरीही. तीही आपल्या हातानं. पण खंदकातला तरवड पुन्हा फुटणार होता. उद्या कुणी तो पाला आणून बघितला आणि बारा मिलिमीटरच आले, तर लोक देगचीला नाही, मॅडमला खोटारडी म्हणणार होते. त्या दुपारी त्यांनी कॉलेजात एक चंबू सहा वेळा धुतला.

दुसऱ्या दिवशी साडेआठला ते प्रयोगशाळेत गेले. मॅडम नवी साडी नेसून व्याख्यानाची पानं लावत होत्या. दादामियाँनी पिशवीतून देगची काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, अर्क म्या ह्यात काढत हुतो. घरी."

मॅडम आधी हसल्या. त्यांना वाटलं, काका चेष्टा करताहेत. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. कधीपासून? सगळे? पाणी कोणतं? कल्हई कधी केली? दादामियाँनी कुर्डुवाडीला गेल्याची तारीख सांगितली. मॅडमनी नोंदवही उघडली, ती तारीख शोधली आणि त्यांचं बोट पानावर तिथंच थांबलं. बावीसच्या पुढं बारा तिथूनच सुरू होत होते.

"सांगितलं का नाही, काका?" आवाज चढला नाही, पण चढला असता तर वाटलं असतं त्याहून वाईट वाटलं.

"तुमी इचारलं न्हाय. मला वाटलं, लाइट न्हाय तर कामाचा खोळंबा व्हतोय. म्हनून..."

मॅडमनी पेन घेतलं आणि त्या तीन पानांवर, बावीस मिलिमीटरच्या पानांवर, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक रेघ मारली. दादामियाँना ती रेघ स्वतःच्या हातावरून गेल्यासारखी वाटली.

"पर जंतू तर मेलते ना, मॅडम? म्या बघितलं की डोळ्यानं."

"मेले होते."

"मग ह्यात खोटं काय हाय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "खोटं काहीच नाही हो. पण किती तांबं उतरलं, कधी उतरलं, हे तुम्हाला माहीत नाही आणि मलाही नाही. मी त्याला तरवडाचा गुण म्हणत होते. पुन्हा करून दाखवता येत नाही ते माझं नाही, काका."

दादामियाँना यातलं अर्धं समजलं. कोणतं अर्धं, ते सांगणं अवघड होतं.

दहा वाजता जनरेटर लावला आणि सभागृह भरलं. प्राचार्यांनी तोफांवर दहा मिनिटं घेतली. मग मॅडम उठल्या आणि माइक हातात धरून सरळ म्हणाल्या, की फलकावर लिहिलंय ते चूक आहे. तांबं तोफांचं नाही, ते अर्क काढलेल्या भांड्यातून आलं. हे प्रकरण मी मागं घेतेय. सभागृहात कुजबुज सुरू झाली. प्राचार्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, पण बघायची कुणाची हिंमत नव्हती.

"भांडं अशुद्ध असल्यामुळं..." मॅडम पुढं म्हणाल्या.

"भांडं अशुद्ध न्हवतं!"

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. दाराशी पाण्याच्या ग्लासांचा ट्रे धरून दादामियाँ उभे होते. एकतीस वर्षांत त्या सभागृहात त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही. "कल्हई गेली हुती. म्या बघितली न्हाय, ती माझी चूक. पर अशुद्ध न्हवतं. रोज राखेनं घासत हुतो."

प्राचार्य अर्धवट उठले. मॅडमनी माइक खाली केला. त्यांचे डोळे भरले होते, रागानं की कशानं ते दारातून दिसत नव्हतं.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अशुद्ध नव्हतं. माझा शब्द चुकला. अर्क कसा निघतो हे मी दोन वर्षांत एकदाही उभं राहून बघितलं नाही, चूक तिथं आहे. काका, इकडं या. कसा काढत होता, सगळ्यांना सांगा."

ट्रे कुणीतरी हातातून घेतला. दादामियाँ पुढं गेले. पाला कसा धुवायचा इथपासून गाळणकागदापर्यंत त्यांनी सगळं सांगितलं, एक पायरी न गाळता. समोर पोरं बसली होती, प्राध्यापक बसले होते, पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी हसलंही नाही. हा सत्कार चाललाय की चौकशी, हे सभागृहाला कळत नव्हतं, आणि दादामियाँना तर मुळीच नाही. शेजारी मॅडम नोंदवहीच्या कोऱ्या पानावर भराभरा लिहून घेत होत्या.

ते थांबले तेव्हा मॅडमनी मान वर केली.

"काका, तुमचं पूर्ण नाव काय?"

दोन वर्षं रोज भेटणाऱ्या बाईनं हे आज विचारलं होतं. नाव प्रबंधाच्या आभारात जाणार की चुकीत, हे विचारावंसं दादामियाँना फार वाटलं.

"दादामियाँ उस्मानसाब अत्तार," ते म्हणाले. आणि मॅडमचं लिहून व्हायच्या आत, घाईनं, "वडलांचं नाव गाळू नका, मॅडम. पद्धत त्येंची हाय."